थ्री टियर फोंडंट केकचं कोटेशन: किलोचा भाव आधी बाजूला ठेवा

व्हिडिओत फोंडंट कसा लाटायचा आणि चढवायचा ते बघितलंत. आता वही आणि कॅल्क्युलेटर घ्या, कारण आजचा विषय पैशांचा आहे.

नोव्हेंबर उजाडला की किहीम, आवास, नागाव, काशीद या पट्ट्यात बंगले आणि रिसॉर्ट लग्नांसाठी बुक व्हायला लागतात. तुम्हाला फोन येतो, "ताई, थ्री टियर केक हवाय, फोंडंटचा, फुलं लावून. किलोला काय घेता?" इथेच गाडी घसरते. बर्थडे केकची सवय असते, म्हणून आपण पटकन सांगून टाकतो, "बाराशे रुपये किलो."

हा आकडा तपासून बघूया. सहा, आठ आणि दहा इंचांचे तीन टियर, प्रत्येकाची उंची चार इंच. स्पंज आणि गनाश मिळून साधारण सव्वासहा किलो आणि वर चढलेला फोंडंट दीड-पावणेदोन किलो. एकूण आठ किलो धरा. बाराशेच्या भावाने झाले ९,६०० रुपये. ऐकायला बरे वाटतात!

आता खर्च. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमच्या बिलांवरून तुमचे घाला. स्पंज आणि गनाशचं सामान ३,४००. फोंडंट सव्वादोन किलो विकत घ्यायचा, कारण कडा कापून वाया जाते, त्याचे ८००. बोर्ड, डॉवेल, बॉक्स ७००. फुलांची गम पेस्ट, तारा, रंग ५००. वीज, एसी, गॅस ९००. एसी गाडी आणि सोबत एक माणूस १,८००. म्हणजे खिशातून रोख गेले ८,१००. उरले १,५००.

या पंधराशेत तुमचे तास किती? बेकिंग चार, गनाश लावून कडा सरळ करणं चार, फोंडंट चार, साखरेची फुलं बारा (हो, बारा, गुलाबाची एकेक पाकळी वाळायला वेळ घेते), जागेवर जोडणी तीन, आणि मीटिंग, खरेदी, प्रवास, भांडी मिळून सात. एकूण चौतीस तास. तासाला पडले ४४ रुपये. एवढ्यासाठी तीन रात्री जागायचं का, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून उलटं जा. तासाला दीडशे रुपये स्वतःला द्या, ५,१०० झाले. रोख खर्च मिळवला की १३,२००. त्यावर दहा टक्के तुटफुटीचे, १४,५२०. त्यावर पंचवीस टक्के नफा. कोटेशन १८,१५०. तुमची मजुरी आणि धंद्याचा नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नफ्यातून उद्या मोठा ओव्हन येतो, मजुरीतून घर चालतं.

गिऱ्हाईक म्हणेल, "खालचा टियर थर्माकोलचा डमी करा आणि निम्मे पैसे घ्या." गंमत म्हणजे दहा इंचांचा तो टियर खरंच अर्धा केक असतो, मापं मांडून बघा. पण वाचतं काय? सामानाचे सतराशे, त्यातून डमीचे तीनशे वजा, आणि बेकिंग-गनाशचे तीनेक तास. फोंडंट तेवढाच, फुलं तेवढीच, गाडी तीच. टक्केवारी धरून कोटेशन फार तर अडीच हजारांनी उतरतं. हा हिशोब गिऱ्हाइकासमोर मांडा, बहुतेकांना पटतो.

पाहुणे दीडशे असतील तर? एक बाय दोन इंचांचे फिंगर पीस कापले तर या केकमधून सत्तरच्या आसपास निघतात. बाकीच्यांसाठी चौथा टियर चढवू नका. साधा चौकोनी केक सहा किलो, नेहमीच्या किलोच्या भावाने द्या, तो किचनमध्येच कापला जातो. किलोचा भाव इथे शोभतो.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट, कारण इंटरनेटवरच्या रेसिपी थंड देशांतल्या असतात. आपल्याकडची हवा ओली आणि फोंडंट म्हणजे साखर, ती ओल ओढते. फ्रिजमधून थेट बाहेर काढला की घाम फुटतो, रंग ओघळतो. फोंडंटखाली फ्रेश क्रीम अजिबात नको. डार्क गनाश दोन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम. एप्रिल-मेमध्ये चॉकलेट अडीच भाग करा. व्हाइटला तीन भाग तरी. तयार केक एसी खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये ठेवावाच लागला तर बंद बॉक्समध्ये, आणि बाहेर काढल्यावर बॉक्स लगेच उघडू नका. ऑर्डर एगलेस असेल तर फोंडंटच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघा, काही फोंडंटमध्ये जिलेटिन असतं.

अलिबागहून काशीद तीस किलोमीटरच्या आसपास, पण रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर वळणं सुरू होतात. टियर वेगवेगळ्या बॉक्समध्ये न्या आणि जागेवर जोडा. वरच्या प्रत्येक टियरखाली डॉवेल हवेतच, नाहीतर वरचा खालच्यात रुतून बसतो. रिसॉर्टवाल्याला आधीच सांगा: टेबल वाळूत किंवा लॉनवर नको, पक्क्या जमिनीवर, आणि केक कापण्याच्या अर्धा तास आधीच बाहेर निघेल. समुद्राचा वारा फोटोत छान दिसतो, साखरेच्या फुलांना मानवत नाही.

"मुंबईची बेकरी स्वस्तात देतेय" हे वाक्य तर ऐकायला मिळणारच. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू आहे, गाडीसकट केक येऊ शकतो, हे खरं. तेव्हा विचारा: त्या भावात बोटीचं भाडं, माणूस आणि जागेवरची जोडणी धरली आहे का? समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली तर? तुम्ही तासाभरात पोचता. त्यासाठी भाव पाडायची गरज नाही.

कोटेशन लेखी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. त्यात टियरची मापं, फ्लेवर, फुलांची संख्या, पोचवण्याची वेळ, टेबल कोण देणार, हे सगळं येऊ द्या. तारीख बुक करताना निम्मे पैसे, उरलेले लग्नाच्या सात दिवस आधी. लग्नघरात त्या दिवशी पैसे मागायला कुणाला गाठणार? डिझाइन बदलायची शेवटची तारीख पण लिहा. जोडणी झाल्यावर चारही बाजूंनी फोटो काढा आणि ताबा घेणाऱ्याला तिथेच पाठवा. त्यानंतर केकला कुणाचा धक्का लागला तर तो तुमच्या खात्यात येत नाही.

एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन घरगुती बेकरलाही लागतं. रिसॉर्टवाले नंबर आणि बिल मागतात, तेव्हा दोन्ही तयार ठेवा.

आजचा गृहपाठ: तुमच्या मागच्या मोठ्या ऑर्डरचे तास आठवून लिहा, रोख खर्च वजा करा आणि तासाला किती पडले ते कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातली दोन-तीन कोटेशन आपण एकत्र बसून नव्याने मांडू.