रात्री गाडी कुठे उभी राहते?

लालबागच्या चाळीत राहून मी चार वर्षं विजेची गाडी चालवतोय. त्याआधीची पेट्रोलची हॅचबॅक आता गिरगावात धाकट्या भावाकडे आहे आणि अजून ठणठणीत आहे. त्यामुळे दोन्ही गाड्या त्याच रस्त्यांवर, त्याच ट्रॅफिकमध्ये बघायला मिळतात. नवी गाडी घ्यायला निघालेले शेजारी-नातेवाईक विचारतात, "परवडते का रे?" त्यांना जे सांगतो, ते हे.

१. शोरूमला जाण्याआधी सॉकेट शोधा.

आमच्या चाळीला पार्किंग नाही. गाडी गल्लीत, जागा मिळेल तिथे लागते आणि घर दुसऱ्या मजल्यावर. गाडी घेताना ऐकलं होतं की घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरही चार्ज होते. होते, यात खोटं काही नाही. ३०.२ युनिटांची बॅटरी तासाला तीनेक युनिटं घेते. रिकामी गाडी भरायला रात्र जाते. पहिल्याच आठवड्यात मी गॅलरीतून वायर खाली सोडली. रात्री अकराच्या सुमाराला शेजारचे काका जिन्यात थांबले, वायरीला हात लावला आणि मला हाक मारली. वायर चांगलीच तापली होती. "लाकडी चाळ आहे ही बाबा," एवढंच म्हणाले. मी तिथल्या तिथे वायर गुंडाळली. जुन्या चाळींचं वायरिंग पंखा, ट्यूब, फ्रिज यांच्या हिशेबाने झालेलं आहे. त्यावर रात्रभर सलग तीन किलोवॅट ओढणं म्हणजे चाळीस बिऱ्हाडांच्या जिवाशी खेळ. एक्स्टेंशनचा विषय कुणी काढला, तर आजही मी हात जोडतो.

माझी सोय झाली ती ऑफिसमुळे. लोअर परळला जिथे एकेकाळी गिरणी होती, तिथल्या टॉवरच्या तळघरात चार्जर आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी तिथे भरते. आजोबा याच भागात साचे चालवायचे. गिरणीच्या जागेवर वीज आली, गिरणी कामगाराच्या चाळीखाली नाही, हे मला प्रत्येक मंगळवारी टोचतं. ऑफिस सुटलं, तर माझी गाडीही अडेल. म्हणून सांगतो, रात्री किंवा दिवसा, आठ तास हक्काची जागा आणि तिथे हक्काची वीज नसेल, तर पेट्रोलचीच घ्या, त्यात कमीपणा नाही.

२. हिशेब आपल्या किलोमीटरचा मांडा, दुसऱ्याच्या नाही.

भावाची गाडी गिरगाव-दादर करताना लिटरला अकराच्या पुढे जात नाही. पेट्रोल १०३ रुपयांच्या घरात धरलं, तर किलोमीटरला नऊ रुपयांच्या वर. माझी गाडी युनिटला साडेसहा किलोमीटर देते. ऑफिसात युनिटमागे १२ रुपये कापतात, म्हणजे दोन रुपयांच्या आत. बाहेरच्या फास्ट चार्जरवर वीस रुपये मोजले, तरी तीन रुपयांवर भागतं. फरक डोळ्यांत भरतो. पण माझं महिन्याचं चालणं आठशे किलोमीटर. वाचतात पाच-सहा हजार. पेट्रोलच्या तशाच गाडीपेक्षा चार लाख जास्त मोजले होते, ते भरून निघायला सहा वर्षं लागतील. रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याचे ते दीड वर्षात निघतात. टॅक्सीवाल्यांना उपदेश मात्र करू नका. ते सीएनजीवर आहेत, त्यांना किलोमीटर चारेक रुपयांत पडतो आणि रांग नसेल तर पंपावरून दहा मिनिटांत सुटता येतं. त्यांचं गणित पक्कं आहे.

३. ट्रॅफिकला घाबरू नका, वेगाला घाबरा.

कागदावर माझ्या गाडीची धाव ३१२ किलोमीटर. शहरात एसी लावून दोनशे मिळतात, एक्सप्रेस वेवर शंभरच्या वेगाने पावणेदोनशे. पेट्रोलच्या नेमकं उलट! परळच्या सिग्नलला भावाचं इंजिन उभ्या उभ्या तेल पितं. माझी मोटर थांबली की थांबली, आणि ब्रेकच्या वेळी थोडी वीज परत बॅटरीत येते. वेगात मात्र हवा कापायला फार वीज जाते. घाटाची भीतीही ट्रॅफिकच्या भीतीसारखीच फुगवलेली. खोपोलीहून लोणावळा साडेपाचशे मीटर उंच. चार माणसांसकट गाडी तेवढी चढवायला तीनेक युनिटं लागतात आणि उतरताना त्यातली काही परत मिळतात.

४. गणपतीला गावी पेट्रोलची न्या.

आमचं गाव कणकवलीजवळ. एरवी विजेच्या गाडीने जातो, वाटेत दोनदा थांबून, जेवणं उरकून. पण एका वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघालो. महामार्गावरच्या चार्जरपुढे चार गाड्या उभ्या, आणि प्रत्येकीला पाऊण-एक तास. आई पुढच्या सीटवर, मांडीवर लालबागहून घेतलेली मूर्ती, आणि ती घड्याळाकडे बघतही नव्हती, मला वाईट वाटू नये म्हणून. घरी पोचलो तेव्हा पहाट झाली होती. पुढच्या वर्षापासून गणपतीत भावाची गाडी मी नेतो, माझी त्याच्याकडे राहते. दोन भावांत एकेक, ही सोय ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावी.

५. पावसाळ्यात हिंदमाताला साचणाऱ्या पाण्यात दोन्ही गाड्या घालू नका. पेट्रोलच्या इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलं की इंजिन बसतं. विजेच्या गाडीला ती वाट नाही आणि बॅटरीही सीलबंद असते. तरी बेअरिंग, जोडण्या, आतली गादी यांना पाणी ते पाणीच. पुलावरून जा.

६. पुनर्विकासाच्या सभेला जा.

विजेवरची गाडी मुंबईला नवी नाही. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता पोरांना सांगावं लागतं. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली. ट्राम जाईल तिथे तार तिच्या डोक्यावर असायची. आजही या भागाला वीज देणारी आणि बस चालवणारी बेस्ट एकच, आणि माझ्या गाडीपासून दोन हातांवर गल्लीतला दिव्याचा खांब उभा आहे. त्या खांबाला एक मीटर आणि एक सॉकेट लागावं, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मी सोडणार नाही. कारण रस्त्यालगतच्या गॅलरीत बसून गाड्यांचा धूर खाणारी आमचीच माणसं आहेत.

तोवर हातात आहे ती सभा. आमच्या चाळीचा नवा आराखडा आला, तेव्हा लोक खोल्यांच्या चौरस फुटांवर भांडत होते. मी पार्किंगचं पान उघडायला लावलं. केंद्राच्या २०१९च्या आदर्श नियमांत नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्के जागांवर चार्जिंगची तयारी ठेवायला सांगितलंय. मी म्हटलं, सगळ्याच जागांपर्यंत पाइप आत्ताच टाका, नंतर भिंती फोडून काम महागात पडतं, आणि इमारतीचा मंजूर भार त्या हिशेबाने मागा. बिल्डरचा माणूस म्हणाला, "बघू, वायर टाकून देऊ."

मागच्या रांगेतून काका उठले. त्यांच्याकडे सायकलही नाही.

"किती जाडीची?" त्यांनी विचारलं.