ओळखीचा पाला

मृगाचा पाऊस पडला की बांध हिरवे होतात. आपण म्हणतो, तण माजलं! पण त्या तणात भाजी आहे, औषध आहे आणि विषही आहे. ओळख मात्र हवी.

आम्ही एकदा वर्गात विचारले, "पावसाळ्याच्या तोंडी मळ्यात भाजी नसते. मग तुम्ही काय खाता?"

एक आजी हसून म्हणाल्या, "अहो गुरुजी, उकिरड्यावर टाकळा येतो, रानात कुर्डू येतो. पैसा कशाला लागतो?"

आजींचे खरे आहे. दोन्हींच्या पाल्याची चांगली भाजी होते. पाला कोवळाच खुडावा. टाकळ्याची खूण सोपी आहे. एका देठावर पानांच्या तीन जोड्या असतात. रात्री ही पाने मिटतात.

खुरपे लागले तर बायाबापड्या एकदांडीचा पाला चोळून लावतात. खरचटले असेल तर ठीक. पण जखम खोल असेल तर ती स्वच्छ पाण्याने धुवावी आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

आता कळलावी पाहा. फूल कसे जाळासारखे लाल-पिवळे, देखणे! बाळंतिणीला कळा लवकर याव्यात म्हणून तिचा कंद वापरायची जुनी रीत होती. त्यावरूनच हे नाव पडले. पण हा कंद जहरी आहे. पोटात गेला तर माणूस दगावतो. बाळंतपणाला दवाखानाच गाठावा. साप चावला तरी पाला शोधत बसू नये. सापाच्या विषावरचे इंजेक्शन दवाखान्यातच मिळते.

काही तण जुन्या माणसांनाही ठाऊक नव्हते. गाजर गवत आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम दिसले. त्याने अंगाला खाज सुटते. ते फुलावर येण्याआधी, हात झाकून उपटावे.

म्हणजे जुने सगळेच खरे नाही आणि सगळेच खोटेही नाही. पारखून घ्यावे. अनोळखी पाला तोंडात घालू नये.

आजींचे ज्ञान आजवर तोंडीच राहिले. माणूस गेले की तेही जाते. आता आपल्याला अक्षर आले आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर एकदा बांधावर फिरा. झाडाचे नाव, खूण, उपयोग आणि धोका वहीत लिहा.

त्या आजींनी आपल्या वहीत पहिली ओळ स्वतः लिहिली: "टाकळा कोवळा खुडावा."

तुमची पहिली ओळ कोणती?