तफावतीचं उत्तर त्याच दिवशी शोध

नांदेड

चि. बाळ,

अहमदपूरच्या पेट्रोल पंपावर टाकीतली पातळी मोजणारं एटीजी यंत्र बसल्याचं ताईने फोनवर सांगितलं. आता रोज सकाळी टाकीत रॉड सोडून डिप मारायची कटकट गेली, असं तू म्हणालास म्हणे. त्यासाठीच हे पत्र.

यंत्र उत्तम आहे. टाकीत उभ्या सोडलेल्या प्रोबवर दोन फ्लोट असतात, एक तेलावर तरंगतो आणि दुसरा तळाच्या पाण्यावर. दोन्हींत लोहचुंबक असतं. प्रोबमधल्या तारेतून विजेचा ठोका गेला की चुंबकापाशी तारेला पीळ बसतो, त्याची लहर वर येते, आणि तिला लागलेल्या वेळावरून पातळी कळते. तीही मिलिमीटरच्या अंशापर्यंत. रॉडला हे जमायचं नाही. वीस हजार लिटरच्या टाकीत पातळी अर्ध्यावर असताना एक मिलिमीटर म्हणजे बारा-तेरा लिटर. रॉड वाचताना दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात.

आता गळतीचा हिशेब बघ. अमेरिकेत टाकीतल्या अशा यंत्राला तासाला ०.२ गॅलन, म्हणजे पाऊण लिटर गळती पकडता आलीच पाहिजे, असा नियम आहे. पाऊण लिटर क्षुल्लक वाटतं, पण दिवसाचे अठरा आणि महिन्याचे पाचशेहून जास्त लिटर जमिनीत जातात. रॉडवर एका दिवसाची ही घट दिसतही नाही.

मात्र प्रत्येक घट गळती नसते. पाकणी डेपोतून भर मे महिन्यात आलेला टँकर खाली केलास की माल गरम असतो. दहा हजार लिटर पेट्रोल एका अंशाने निवलं तर दहा-बारा लिटरने आक्रसतं, डिझेल आठेक लिटरने. ही घट तापमानाबरोबर थांबते. गळती थांबत नाही, रोज त्याच बाजूला जाते. रात्री विक्री बंद असताना टाकी जागच्या जागी आणि दिवसा नोझल चालू असताना तूट, असं दिसलं तर आधी नोझलचं माप पाच लिटरच्या मापाने तपास. ते बरोबर निघालं तर पाइपलाइनवर संशय घे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाइपाचे सांधे तिच्यापायी ताणले जातात. पावसाळ्यात पाण्याचा फ्लोट वर सरकला तर झाकण, मॅनहोल, टाकीचा तळ, सगळं बघ. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे. ते पाणी शोषून घेतं आणि पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाला बसतं. हा थर पाण्याच्या साध्या फ्लोटला नीट कळेलच असं नाही. त्यामुळे डेन्सिटी घेणं चुकवू नकोस.

आणि रॉड सोडू नकोस. ११ डिसेंबर २००५ ला इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत टाकीचा गेज अडकला. पेट्रोल येतच होतं आणि पडद्यावरचा आकडा जागचा हलत नव्हता. पातळी फार वाढली की पुरवठा तोडणारा वेगळा स्विचही चालला नाही. पेट्रोल उतू गेलं, वाफ पसरली आणि पहाटे स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली.

शिफ्ट बदलताना पोरं पडद्यावरचा आकडा बघून रजिस्टरात डिप म्हणून लिहून टाकतात, हे मी पाहिलंय. मग दोन नोंदी कधीच वेगळ्या येत नाहीत, आणि यंत्र चुकलं तर ते सांगायला कुणी उरत नाही. पडदा न बघता डिप मारायला लाव. मग डिप, पडदा आणि नोझलमधून किती विक्री झाली ते दाखवणारा टोटलायझर यांचा मेळ तू स्वतः घाल. तफावत आली तर ‘उद्या बघू’ म्हणू नकोस.

पंपाच्या मागे शेतकऱ्यांच्या विहिरी आणि बोअर आहेत. आपल्या काळ्या कातळाच्या भेगांतून तेल कुठे निघेल ते सांगता येत नाही, आणि पेट्रोलमधलं बेन्झीन कर्करोगाला कारण ठरतं. २०१६ च्या एप्रिलात तुझ्याच जिल्ह्यातल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या मुलखात एक विहीर नासवणं हा मोठा अपराध आहे.

म्हणून गळतीचा पक्का संशय आला की त्या टाकीची विक्री बंद कर, तेल कंपनीला आणि पेट्रोलियम व स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या पेसोला कळव, आणि विहीरवाल्यांना तू स्वतः जाऊन सांग, पाणी पिऊ नका म्हणून. लोक चार गोष्टी बोलतील, धंदा दोन दिवस बुडेल. बुडू दे. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्या गावात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही.

ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा