पीपीएफचा दर कायमचा ठरलेला असतो का?

प्रश्न : खाते उघडताना जाहीर झालेला व्याजदर पंधरा वर्षे मिळायला नको का?

उत्तर : नाही. भविष्य निर्वाहाच्या या खात्यात मुद्दल आणि जमा झालेले व्याज यांमागे सरकारची हमी असते; दराची नसते. 1990 च्या दशकात 12 टक्के मिळत होते. 2000 च्या जानेवारीत ते 11 झाले, 2003 पर्यंत 8 वर आले. एप्रिल 2016 पासून दर तिमाहीला फेरआढावा होतो आणि बदललेला दर जुन्या शिलकेलाही लागू होतो. एप्रिल 2020 मध्ये 7.9 वरून थेट 7.1 वर झालेली घसरण निवृत्तीची बेरीज मांडून बसलेल्यांवर अन्यायकारकच होती. 31 मार्च 2021 ला तर 6.4 टक्के जाहीर झाले आणि दुसऱ्याच सकाळी मागे घेतले गेले!

तरीही खाते मोडण्याची घाई नको. व्याज करमुक्त असल्याने 30 टक्क्यांच्या करटप्प्यातील माणसाला 7.1 टक्के हे करपात्र 10.3 टक्क्यांच्या बरोबरीचे पडतात. दर मुदतभर पक्का हवा असेल, तर राष्ट्रीय बचतपत्र घ्यावे. मात्र त्याचे व्याज करपात्र असते.

पीपीएफचे पैसे महिन्याच्या 5 तारखेपर्यंत भरावेत, नाहीतर त्या रकमेवरचे महिन्याचे व्याज बुडते.