वरचा मजला चढवण्याआधी

बाळा, घर वाढवायचं म्हणतोस, चांगलंच आहे. पण दारात वाळू पडण्याआधी कपाटातला जुना मंजूर नकाशा काढ. घर त्या नकाशाप्रमाणे उभं आहे का, ते आधी ताडून बघ. मुळातच फरक निघाला तर वाढीव कामाची फाईल तिथंच अडते.

मग मोजणी. कुंपणावर विसंबू नकोस. कुंपण दोन शेजाऱ्यांनी तोंडी ठरवलेलं असतं. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, मोजतात ती कागदावरच्या हद्दीपासून. बाहेरचा जिना, संडास, गाडीचं छप्पर हे सगळं याच मोकळ्या जागेत सरकतं आणि पुढं भांडण तिथंच पेटतं. शेजाऱ्याच्या खिडकीचाही विचार कर. 20 वर्षं अखंड मिळालेल्या उजेड-वाऱ्यावर 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं त्याचा हक्क बसतो. भिंत चढवण्याआधी त्याच्या घरी जाऊन बोल.

‘दीड गुंठ्याला परवानगी लागत नाही’ असं कुणी सांगेल. ते अर्धंच खरं. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला 2020 पासून एकच नियमावली आहे. तीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला सवलत आहे, पण परवानाधारक अभियंत्याच्या सहीचे नकाशे द्यावे लागतात, शुल्क भरावं लागतं, आणि अंतराचे नियम पाळावेच लागतात.

आपली सांगली कृष्णेकाठची. 2019 चं पाणी तू डोळ्यांनी पाहिलंस. म्हणून निळी आणि लाल अशा दोन्ही पूररेषा बघच. निळ्या रेषेच्या आत नवी खोली काढायचा विचार सोड. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असशील, तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर हवं.

जुन्या घराचा पाया एका जागी उकरून अभियंत्याला दाखव. दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅबचं ओझं मिस्त्रीच्या अंदाजानं टाकायचं नसतं.

‘आधी बांधू, मग नियमित करून घेऊ’ हा सल्ला ऐकू नकोस. नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस आली तर बांधकाम राखण्यासाठी अर्ज करता येतो, पण नियमात न बसणारं पाडावंच लागतं. काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र घे; कर्जाला आणि विक्रीला तेच विचारतात.

सोमवारी नगररचना विभागात झोन दाखल्याचा अर्ज दे. तोवर मिस्त्रीला उचल देऊ नकोस.