परदेशचा पहिला प्रवास : दहा दिवसांचे गणित

‘परदेश’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर लंडन-पॅरिस उभे राहते, आणि त्यापाठोपाठ ‘ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ हा विचारही येतो. मीही त्याला अपवाद नव्हते. अहेरीच्या एका एस.टी. वाहकाची मुलगी, चंद्रपुरात वसतिगृहात राहून बी.ए. करणारी, तिने एकटीने परदेशी जावे हे मलाच प्रथम हास्यास्पद वाटले होते. पण गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत मी जाऊन आले. प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. हाताशी वेळ थोडा असताना असा प्रवास आखावा कसा, त्यात माझे काय चुकले आणि काय साधले, एवढेच मित्रमैत्रिणींपुढे मांडावे असे वाटते.

या प्रवासाचे मूळ माझ्या आजीत आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा दहा वर्षांची आजी आपल्या वडिलांच्या खांद्यावरून तो जनसमुदाय पाहत होती. पुढे महिनाभरानेच बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, हे तिला कोणीतरी वाचून दाखवले. तेव्हापासून नेपाळ आणि लुंबिनी हे शब्द तिच्या तोंडी बसले. आता गुडघे चालत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, “माझं तर राहूनच गेलं. तू जाऊन ये वो माय, आणि कसं आहे ते सांग मला.” तिचे वय पाहता हे काम ‘पुढे कधीतरी’वर टाकता येण्यासारखे नव्हते.

देश कसा निवडला

माझ्याजवळ पारपत्र नव्हते. श्रीलंकेचा विचार त्यामुळे मागे पडला. भूतानला भारतीयांना मतदार ओळखपत्रावर जाता येते. परंतु तेथे प्रत्येक रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क द्यावे लागते. नेपाळचे तसे नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे प्रवेशपत्राशिवाय जाता येते. भारतीयाजवळ पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र यांपैकी एक, तेही मूळ प्रत, असले की झाले. आपल्याकडे सर्व कामांना चालणारे आधार कार्ड मात्र माझ्या वयाच्या प्रवाशाला तेथे चालत नाही. आमच्या वर्गातील निम्म्या मुलामुलींनी मतदार यादीत नावच नोंदवलेले नाही. त्यांनी निदान या लोभाने तरी ते नोंदवावे.

पैशाचा प्रश्न तेंदूपत्त्याने सोडवला. दोन हंगाम मे महिन्यात संकलन केंद्रावर हिशेब लिहिण्याचे काम मी केले होते. त्यातले १२,००० रुपये बाजूला होते.

पहिली योजना आणि बाबांचा प्रश्न

सुटीचे दिवस मोजले. भाऊबीज घरी झालीच पाहिजे ही आईची अट. तिच्या दुसऱ्या दिवसापासून महाविद्यालय उघडेपर्यंत बरोबर दहा दिवस हाती येत होते. मी उत्साहाने वहीत लिहिले : लुंबिनी, पोखरा, काठमांडू. प्रत्येकाला दोन-दोन दिवस आणि उरलेले जाण्यायेण्याला.

वही बाबांना दाखवली. बाबांनी अहेरी-भामरागड मार्गावर वीस वर्षे तिकिटे फाडली आहेत. त्यांनी एकच विचारले, “यात पर्लकोटेचा दिवस कुठं आहे?”

आपल्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करते. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर जुन्या पुलावरून वाहू लागला की गावाचा संपर्क तुटायचा. तो एक दिवस तुटेल की चार, हे कोणी सांगू शकत नसे. म्हणून त्या बाजूचा जाणता माणूस कामासाठी निघताना नेहमी एक दिवस जास्तीचा धरूनच निघे. “बाई, वेळापत्रक फलकावर असते,” बाबा म्हणाले, “नदी काही ते वाचत नाही.”

मी पुन्हा हिशेब मांडला, आणि माझी चूक ध्यानात आली. मी ठिकाणे मोजली होती. प्रवासाचे दिवस मोजलेच नव्हते. पोखरा ते काठमांडू हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. आपल्या सपाट रस्त्यावर ते चार तासांचे, पण डोंगरातल्या बसला अख्खा दिवस लागतो. सीमेपासून काठमांडूलाही तसाच एक दिवस. म्हणजे दहापैकी सात दिवस मी खिडकीशी बसून काढणार होते. आलापल्ली ते भामरागड हे नकाशावरचे बोटभर अंतर किती वेळ खाते हे लहानपणापासून पाहिलेल्या मुलीने ही चूक करावी, याची लाज वाटली.

दुसरी योजना

आमच्या भूगोलाच्या सरांनी एक सोपी रीत सांगितली : दोन्ही टोकांचे दिवस आधी कापा, राखीव दिवस बाजूला काढा, आणि उरलेल्यांतच ठिकाणे बसवा. तसे केले. चंद्रपूर-बल्लारशाहहून गोरखपूर आणि तेथून परत, यांत जाण्याचे दोन व येण्याचे दोन दिवस. एक दिवस पर्लकोटेचा. उरले पाच, त्यांतही सीमा ओलांडून जाण्याचा एक आणि परतण्याचा एक.

काठमांडू आणि पोखरा मी जड मनाने खोडले. पण हिमालय पाहण्याची हौस होतीच. नकाशा पुन्हा पाहता बुटवलच्या वर पाल्पा जिल्ह्यातील तानसेन हे गाव सापडले. उंची सुमारे १,३५० मीटर, लुंबिनीहून अर्ध्या दिवसाची वाट, आणि गावामागच्या श्रीनगर टेकडीवरून आकाश निरभ्र असल्यास हिमशिखरे दिसतात. अखेर योजना अशी ठरली :

पहिला व दुसरा दिवस : आगगाडी, मुक्काम गोरखपूर.
तिसरा : सोनौली येथे सीमा ओलांडून भैरहवामार्गे लुंबिनी.
चौथा : लुंबिनी.
पाचवा : बुटवलवरून तानसेन.
सहावा : तानसेन.
सातवा : परत गोरखपूर.
आठवा : राखीव, न लागल्यास कुशीनगर.
नववा व दहावा : परतीची आगगाडी.

तिथींचाही विचार करावा लागला. आपली भाऊबीज आणि नेपाळातील तिहार सणाची ‘भाईटीका’ एकाच दिवशी येतात. तेव्हा भाऊबीजेनंतर निघणे सोयीचे, कारण तोवर तेथील सण आटोपतो. परंतु भाऊबीजेनंतर चारच दिवसांनी छठ असते, आणि उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांना त्या आठवड्यात उभे राहायला जागा नसते. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस होते). त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तयार होते म्हणूनच मला जागा मिळाली. डिसेंबर का नको? तेव्हा तराईत दाट धुके पडते आणि गाड्या फार उशिरा धावतात. पावसाळ्यात दरडींचे भय. एकूण नोव्हेंबरच उत्तम.

प्रत्यक्षात काय घडले

जाताना गाडीला सात तास उशीर झाला. दुपारऐवजी रात्री गोरखपूरला उतरले. पण त्या संध्याकाळी काहीच ठरवले नव्हते, त्यामुळे काही बुडालेही नाही. ‘नव्या गावी उजेडी पोहोचावे’ हा माझा नियम मात्र तेथेच मोडला. स्थानकाच्या विश्रामगृहातील महिला कक्षात रात्र काढून मी सकाळची बस धरली.

सोनौलीला एक कमान ओलांडली की दुसरा देश. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे, आणि आपल्या एका रुपयाचे एक रुपया साठ पैसे मोजायचे. मी शंभरच्या व त्याखालच्या नोटाच नेल्या होत्या. मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करणे बरे. मुलींच्या तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते या सीमेवर असतात. परतताना त्यांनी मला थांबवून कोण, कुठली, एकटी का, असे विचारले. मला राग आला नाही. उलट, ओळखपत्र आणि बाबांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद सहज हाताशी ठेवला होता, याचे समाधान वाटले.

तराईत धानाची कापणी चालू होती. रचलेले पुंजणे पाहून क्षणभर वडशाच्या बाजूलाच आल्यासारखे वाटले. लुंबिनीला मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, बुद्ध येथे जन्मला म्हणून त्याने या गावाचा कर कमी केला, असे त्यावर कोरले आहे. १८९६ साली हा लेख उजेडात आला तो पाल्पाचे तत्कालीन अधिकारी खड्गशमशेर आणि पुरातत्त्ववेत्ते फ्यूरर यांच्यामुळे. म्हणजे माझी दोन्ही ठिकाणे त्या एका माणसाने आधीच जोडून ठेवली होती! गावाचा कर माफ व्हावा ही गोष्ट आजीला सर्वांत आवडेल, असे तेथेच मनात आले. संध्याकाळी तळ्याकाठी छठच्या सुपांची रांग लागली होती. ते कोणत्याच योजनेत नव्हते.

तानसेनला पोहोचले त्या दिवशी ढग होते. एकच दिवस ठेवला असता तर हिमालय न पाहताच परतावे लागले असते. दुसऱ्या पहाटे टेकडीवर गेले आणि उत्तरेला पांढरी रांग उघडली. मी कितीतरी वेळ तेथे उभी होते. दुपारी ढाका कापड विणणाऱ्या बायांचे माग पाहिले, आणि आजीसाठी एक पट्टा घेतला.

परतीच्या दिवशी बुटवलच्या वरच्या घाटात रस्त्याच्या कामासाठी वाहतूक काही तास रोखली होती. सीमेवर येईतो अंधार पडला. रात्री पुढे जाण्याऐवजी मी भैरहवातच थांबले, आणि आठव्या दिवशी दुपारी गोरखपूरला आले. पर्लकोटेचा दिवस असा कामी आला. कुशीनगर राहिले, परंतु परतीची गाडी, जी आठवड्यातून मोजकेच दिवस धावते, ती चुकली नाही. एकूण खर्च ११,००० रुपयांच्या आत झाला.

तात्पर्य

वेळ थोडा असताना किती पाहायचे याआधी काय सोडायचे हे ठरवावे लागते. हे या प्रवासाने मला शिकवले. राखीव दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस, असे योजना करताना वाटते. वाटेत तोच सगळा प्रवास सांभाळतो.

घरी परतल्यावर आजीने तो कापडाचा पट्टा मांडीवर ठेवून सारे ऐकले. स्तंभ, कर, तळे, सुपे. मग म्हणाली, “आणि काठमांडू?”

मी म्हटले, “ते राहिलं, आजी.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “मंग पुन्हा जाशील.”