काटा आहे तोवर ते फिले नव्हे

ताजी मासळी विमानाने बाहेर पाठवू पाहणारे लोक मला विचारतात, कस्टम्सचा एजंट जुना आणि ओळखीतला असला म्हणजे झालं ना? नाही झालं. माझा एजंट जुना होता, ओळखीतला होता, आणि त्यानेच माझा माल मुंबईत सहारच्या कार्गोत अडकवला.

माल म्हणजे सुरमईच्या आडव्या तुकड्या, कातडी आणि काट्यासकट, बर्फातल्या. सोबत थोडी उकडून सोललेली कोळंबी. शिपिंग बिल भरण्याआधी एजंट चेकलिस्ट पाठवतो. ती उघडली आणि माझं डोकंच फिरलं. सुरमईपुढे वर्गवारीचा नंबर ०३०४, म्हणजे फिले. कोळंबीपुढे ०३०६. दोन्ही चूक. मी लगेच मेल केला: सुरमई ०३०२ मध्ये घ्या, कोळंबी १६०५ मध्ये, आणि दुरुस्तीशिवाय फाइल करू नका. उत्तर फोनवर आलं. "अहो, अनसिंगला समुद्र आहे का? मासे आम्हाला नका शिकवू. सगळे असंच टाकतात."

समुद्र नाही, खरंच आहे. वाशीम-पुसद रस्त्यावरचं आमचं गाव सोयाबीन-तुरीचं. पण वर्गवारी कळायला समुद्रकाठी जन्मावं लागत नाही, वाचावं लागतं. एचएस म्हणजे मालाच्या वर्गवारीची जागतिक यादी; तिच्या स्पष्टीकरणात सरळ लिहिलंय: मणक्याला समांतर कापलेली माशाची डावी किंवा उजवी बाजू, डोकं, आतडी, पर आणि काटे काढलेली, ती फिले. कातडी किंवा एखादा बारीक काटा राहिला तरी चालतो, मुख्य काटा राहिलेला चालत नाही. काट्यासकट केलेले काप मासाच राहतात: बर्फातले असतील तर ०३०२, गोठवलेले असतील तर ०३०३.

त्याने तसंच फाइल केलं. तपासणीला मी हजर होतो. अधिकाऱ्यांनी थर्माकोलचा एक डबा उघडला, एक तुकडी उचलली. मधोमध मणक्याचं पांढरं गोल चकतं, भोवती फिकट मांस, कडेला चंदेरी कातडी. "हे फिले?" एवढंच त्यांनी विचारलं. एजंटाचा माणूस माझ्या तोंडाकडे बघायला लागला, जणू ते मीच भरलं होतं. हेल्थ सर्टिफिकेटवर 'काट्यासह काप', शिपिंग बिलावर 'फिले'. कागद जुळेनात. दुरुस्ती होईपर्यंत विमान गेलं, गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली, आणि माल मिळेल त्या भावाने विकावा लागला. एजंटाने दिलगिरीचा एक शब्द काढला नाही. उलट दुरुस्तीची फी लावून बिल पाठवलं. माझा तो मेल मी जपून ठेवलाय.

आता ज्यांना या धंद्यात यायचंय त्यांच्यासाठी.

नंबर आधी शोधू नका, माल आधी नीट सांगा. बाजार समितीत ओलावा मोजल्याशिवाय सोयाबीनला भाव लागत नाही, तसंच इथे मालाची अवस्था कळल्याशिवाय नंबर लागत नाही. जिवंत मासा ०३०१. वाळवलेला, खारवलेला, धुरी दिलेला ०३०५. बर्फातला म्हणजे शून्य अंशाच्या आसपास थंड केलेला, पण गोठलेला नाही. वाटेत टिकावा म्हणून बर्फ किंवा थोडं मीठ टाकल्याने तो खारवलेला होत नाही. आणि फिले ताजं असो की गोठवलेलं, ०३०४ मध्येच जातं.

कोळंबी, खेकडा, शेवंड ०३०६ मध्ये. इथे बहुतेक जण फसतात ते उकडण्यावर. कवचासकट नुसत्या पाण्यात उकडली किंवा वाफवली तर ०३०६ मध्येच राहते. कच्ची सोललेलीही तिथेच. पण उकडून सोललेली थेट सोळाव्या प्रकरणात, १६०५ मध्ये. माकूल, तिसऱ्या, कालवं ०३०७.

पहिले सहा आकडे एचएस वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे. म्हणून गिऱ्हाइकाकडून त्याच्या देशाचा पूर्ण कोड लेखी मागवा. दर पाचेक वर्षांनी ही यादी सुधारते. सध्या २०२२ ची चालू आहे, पुढची १ जानेवारी २०२८ पासून. एजंटाच्या संगणकात जुना नंबर पडून असतो, तोच पुन्हा पुन्हा चिकटवला जातो.

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, हेल्थ सर्टिफिकेट, शिपिंग बिल या चारही कागदांवर मालाचं वर्णन शब्दशः एकच हवं. चेकलिस्टला मंजुरी फोनवर कधीही देऊ नका, आणि 'लेखी मंजुरीशिवाय फाइल केल्यास नुकसान एजंटाचं' हे काम देतानाच लिहून घ्या. ही अट मी नुसती तोंडी सांगितली होती, तो हात झटकून मोकळा झाला.

२०११ पासून कस्टम्स कायद्याच्या कलम १७ खाली स्वयंनिर्धारण आहे. वर्गवारी आयातदार-निर्यातदाराने स्वतः करायची, म्हणजे जबाब तुम्हालाच द्यायचाय.

आयात करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. २०२५ च्या अर्थसंकल्पात गोठवलेल्या सुरिमीवरचं, म्हणजे माशाच्या लगद्यावरचं, मूळ शुल्क ३० वरून ५ टक्क्यांवर आलं, तेही तिच्यापासून पदार्थ बनवून निर्यात करणाऱ्यांसाठी. एका वर्णनाने एवढा फरक पडतो. शुल्क कमी भरलं गेलं तर दोन वर्षांपर्यंत मागणी निघू शकते, माहिती दडवल्याचं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत.

शंका खरीच अवघड असेल, तर कलम २८एच खाली मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे माल पाठवण्याआधीच अर्ज करता येतो. तो निर्णय तुमच्यापुरता कस्टम्सवर बंधनकारक असतो. वेळ जातो, पण नेहमी तोच माल पाठवायचा असेल तर तो वेळ द्या. 'सगळे असंच टाकतात' म्हणणाऱ्या एजंटाला मात्र दुसरी संधी देऊ नका. मी दिलेली नाही.